तासाला ४० एमएल: पोरगं पीआयसीयूत असतानाचा हिशोब

पोरगं पीआयसीयूत, म्हणजे लहान मुलांच्या आयसीयूत, असलं की बाहेर बसलेल्या घरच्यांचा पहिला प्रश्न ऑक्सिजनचा नसतो, इन्फेक्शनचा पण नसतो. आत काही खाल्लं का त्यानं, हाच असतो. आमच्याकडं पण तेच. तिथं बसून बसून मला त्या खाण्याबद्दल जे कळलं ते लिहून ठेवतेय, कुणाचं मूल लांबलचक मुक्कामाला आत असेल तर उपयोगी पडेल. मी डॉक्टर नाही. खानापूर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी टीचर आहे, वजनकाटा, दंडाची पट्टी, ग्रोथ चार्ट रोज हातात असतात, तेवढ्या बळावर लिहितेय.

लेक सात वर्षांचा, वजन २० किलो. आधी पोट बिघडलं, ते बरं झालं असं वाटतंय तोवर पाय लुळे पडायला लागले, पायरी चढेना, मग हात, मग गिळता येईना. खानापुरात डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली नि थेट बेळगावला पाठवलं. गुलेन बारे, म्हणजे जीबीएस, २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात ज्याची साथ आली होती तोच. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या नसांवर उलटते. त्यावर आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायची तयार अँटीबॉडीज, लावलं, किलोला एकूण २ ग्रॅम म्हणजे ह्याला ४० ग्रॅम, त्याच्या खर्चावर लिहायला बसले तर रात्र सरेल म्हणून ते सोडते. छातीचे स्नायू थकले, व्हेंटिलेटर लागला, पुढं गळ्याला ट्रेकी केली, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी बसवली. एवढं सगळं होताना पोरगं आत शुद्धीवर होतं, ऐकू येत होतं सगळं, हे कळलं तेव्हा जास्त रडायला आलं.

नाकातून पोटात रायल्स ट्यूब घातली नि दुसऱ्याच दिवशी दूध सुरू. म्हणजे दूध म्हणायचं, पण डब्यातली पावडर पाण्यात कालवलेली, १ एमएलला १ कॅलरी पडेल अशा मापानं. आतडी चालू असतील तर शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांतच पोटातून थोडं थोडं चालू करतात, शिरेतून देण्याची घाई करत नाहीत. शिरेतून पोषण देण्यावर २०१६ साली १४४० मुलांवरचा मोठा अभ्यास आलाय, बेल्जियम, नेदरलँड्स नि कॅनडातल्या हॉस्पिटलांचा. ज्या मुलांना पहिला आठवडाभर शिरेतून काही दिलं नाही त्यांना इन्फेक्शन कमी झालं नि ती लवकर बाहेर आली.

डाएटिशियन मॅडम धारवाडकडच्या, कन्नडमध्ये सुरू करायच्या, माझा चेहरा बघून मराठीवर यायच्या, मध्येच इंग्लिश. बेडच्या पायाशी बोर्ड असतो त्यावर त्यांनी लिहिलं, टार्गेट ९६०, ४० एमएल दर तासाला. मी लगेच अंगणवाडीवाली झाले. म्हटलं मॅडम, आमच्याकडं आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, तक्त्यात सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला १७०० कॅलरी लिहिल्यात, हे अर्ध्याच्या जरासं वरच झालं की.

त्या हसल्या नि खुर्ची ओढून बसल्या, हे विशेष, कारण तिथं बसायला कुणाला वेळ नसतो. त्या १७०० मध्ये काय काय आलं सांगा, म्हणाल्या. पळणं आलं, शाळा आली, झाडावर चढणं आलं, वाढ आली. तुमचा मुलगा आता हलत नाही, श्वास मशीन घेतंय, झोपेचं औषध चालू आहे, आणि इतका आजारी असताना शरीर वाढायचं काम बंदच ठेवतं. मग उरलं काय, तर मेंदू, काळीज, लिव्हर, किडनी चालू राहायला लागते तेवढी ऊर्जा. ती काढायचा एक फॉर्म्युला आहे, स्कोफिल्डचा, १९८५ चा. तीन ते दहा वर्षांच्या मुलग्याला वजन गुणिले २२.७, अधिक ५०४. मी तिथंच मोबाईलवर केलं, ९५८ आलं. मुलींचा आकडा वेगळा, वयोगट बदलला की परत वेगळा. पूर्वी ह्याच्यावर आजाराचा ताण म्हणून वीस-तीस टक्के चढवायचे, आता २०१७ च्या अमेरिकन गाइडलाइननं ते चढवू नका असंच सांगितलंय.

खरी पद्धत मशीनची. पेशंट किती ऑक्सिजन घेतोय नि किती कार्बन डायऑक्साइड सोडतोय ते व्हेंटिलेटरच्या नळीवरच मोजायचं, त्यावरून वेअरच्या १९४९ च्या फॉर्म्युल्यानं शरीर किती जाळतंय ते काढायचं. आम्ही होतो तिथं ते मशीन नव्हतं. फॉर्म्युला म्हणजे अंदाजच, कुठल्या पोराचा वर चुकतो, कुठल्या पोराचा खाली.

मग जास्त दिलं तर बिघडलं काय? हे मी विचारलं कारण बाहेर आत्याबाई विचारत होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, बेळगावात आल्यापासून एकच पालुपद, "पोरगं वाळून चाललंय नि तुम्ही दूध मोजून घालूलाल्यासा?" मॅडमनी सांगितलं ते असं, की जास्तीची साखर शरीर चरबीत बदलतं, ते करताना कार्बन डायऑक्साइड जास्त तयार होतो, तो बाहेर टाकायला फुप्फुसांना जास्त काम, आणि आम्ही तर नेमकं मशीन सोडवायच्या मागं आहोत. वर लिव्हरला चरबी. आणि कमी दिलं तर? स्नायू वितळतात, जखम भरत नाही, इन्फेक्शन. दोन्हीकडून मार.

मला पटलं, कारण हे मी वेगळ्या रूपात बघितलं होतं. आमच्याकडून अति कुपोषित मूल एनआरसीला, म्हणजे पोषण पुनर्वसन केंद्रात, पाठवतो तिथं पण पहिले दिवस एफ-७५ नावाचं हलकं दूध देतात, १०० एमएलला ७५ कॅलरी, भूक लागली म्हणून एकदम ओतत नाहीत. उपाशी शरीरावर एकदम अन्न घातलं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम धाडकन खाली येतं, मूल दगावू शकतं. सावरलं की मग त्याहून घट्ट एफ-१००, आणि तिथून पुढं किलोला १५० ते २२० कॅलरीपर्यंत नेतात. आधी हात आखडता, मग मोकळा. आत्याबाईंना मी एवढंच सांगितलं, त्यांना काही पटलं नाही.

आता खरी गोष्ट. बोर्डावर लिहिलेलं नि पोटात गेलेलं ह्यात जमीन अस्मानाचा फरक असतो. दोन दोन तासांनी ८० एमएल असं द्यायचे आमच्या इथं. सिस्टर पन्नासची सिरिंज घ्यायच्या, दांडा काढून टाकायचा, नुसती नळी ट्यूबला जोडून वर धरायची, त्यात दूध ओतायचं नि ते आपल्या वजनानं खाली उतरायचं, डोकं तीस अंशावर वर केलेलं. दांड्यानं ढकलायचं नाही. मी काचेतून त्या सिरिंजमधली दुधाची रेघ खाली सरकताना बघायची, कधी झरझर, कधी अर्ध्यावर अडून राहायची नि सिस्टर हात जरा उंच करायच्या. द्यायच्या आधी पोटातलं ओढून बघायचे, मागचं दूध तसंच आलं किंवा हिरवं आलं की पुढचं फीड थांबायचं. जीबीएसमध्ये आतड्याच्या नसा पण आळसावतात, पोट फुगतं, संडास होत नाही, त्यामुळं हे वरचेवर. शिवाय एमआरआयला न्यायचंय, बंद. ट्यूब सरकली, एक्सरे होईपर्यंत बंद. ट्रेकीच्या वेळी तर मध्यरात्रीपासून बंद ते दुपारी चालू, अर्धा दिवस, म्हणजे ४८० कॅलरी गेल्या नि त्या कुणी परत देत नाही. थांबवायला कारण प्रत्येक वेळी बरोबरच असतं, पण बेरीज बघितली तर टार्गेट ९६० नि पोटात कधी कधी पाचशेच.

मी अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहायला लागले. तारीख, किती द्यायचं होतं, किती गेलं, का थांबलं. आत कायम बसू देत नाहीत, भेटायच्या वेळी सिस्टरांच्या चार्टवरून उतरवून घ्यायची. एक केरळच्या सिस्टर होत्या, "अक्का, ऊटा आयता?" म्हणजे ताई, जेवण झालं का, एवढंच कन्नड त्यांना छान यायचं, त्या स्वतःहून एमएलचा आकडा वाचून दाखवायच्या. सगळ्याच तशा नव्हत्या, एकीनं तर तुम्हाला काय करायचंय हे असं तोंडावर विचारलं. बरोबर की, पण मला दुसरं करण्यासारखं काय होतं तिथं? पहिल्या आठवड्याच्या शेवटापर्यंत टार्गेटच्या निदान दोन तृतीयांश तरी जायला पाहिजे असं मॅडम बोलल्या होत्या, म्हणजे साधारण ६४०. माझ्या वहीत तेवढं जेमतेम भरत होतं.

सलाईनचा विषय पण इथंच घेते, कारण बाहेरच्या हॉलमध्ये निपाणी, चंदगड, सौंदत्ती कुठून कुठून आलेली माणसं बसलेली असायची नि सगळ्यांची एकच समजूत, सलाईन चालू आहे म्हणजे ताकद जातेय. साध्या नॉर्मल सलाईनमध्ये कॅलरी शून्य, मीठ-पाणी ते. पाच टक्के डेक्स्ट्रोजची ५०० एमएलची बाटली अख्खी गेली तरी ८५ कॅलरी, एका केळ्याएवढ्या. हे मी तिथं चारजणांना तरी समजावलं असेल, एका आजोबांनी ऐकून घेतलं नि म्हणाले, मग एवढ्या बाटल्या कशाला लावूलालेत?

आणि सगळ्या पोरांना एकच हिशोब नाही. शेजारच्या बेडवर चंदगडकडचं पाच-सहा महिन्यांचं बाळ होतं, हार्टचं ऑपरेशन झालेलं. त्याला किलोमागं माझ्या लेकापेक्षा कितीतरी जास्त लागायचं, लहान बाळाचं शरीर मुळातच किलोमागं जास्त जाळतं, त्यात कमजोर हार्टला जास्त. पण पाणी जास्त देता येत नाही, म्हणून त्याचं दूध घट्ट करून द्यायचे, कमी एमएलमध्ये जास्त कॅलरी. त्याची आई मला विचारायची, तुमचा एवढा मोठा नि त्याला ४०, माझ्या एवढ्याशाला इतकं कसं, काय चुकलं का त्यांचं. भाजलेलं मूल असलं तर अजून वेगळं, त्यांची गरज खूपच वर जाते म्हणतात. ताप आला तरी एका डिग्री सेल्सिअसला साधारण दहा-बारा टक्के जळण वाढतं. आमच्याला मध्ये न्यूमोनिया झाला तेव्हा गरज वाढली नि नेमकं तेव्हाच फीड अर्ध्यावर आणलं होतं, पोट घेत नव्हतं म्हणून.

कॅलरीसोबत प्रोटीन. किलोला निदान दीड ग्रॅम, म्हणजे ह्याला ३०. कॅलरी भरली पण प्रोटीन नाही असं होऊ शकतं, कारण साखर नि तेल घातलं की आकडा चटकन वर जातो. म्हणून वहीत मी दोन रकाने केले.

आता वजनाचं. वजन वाढलं वाढलं म्हणून आमचे हे एकदा खुश झाले होते, दीड किलो वाढलं म्हणे. ते पाणी होतं, पाय दाबला की खड्डा पडत होता. आयसीयूत वजनावर भरवसा नको. माझ्या पर्समध्ये अंगणवाडीची दंडाची पट्टी होतीच, लाल-पिवळी-हिरवी. ते रंग सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी असतात, सात वर्षांच्याला लागू नाहीत, पण सेंटिमीटर तर सेंटिमीटरच. डॉक्टर सरांना विचारून दर सोमवारी मी डाव्या दंडाला लावायची. खांदा नि कोपर ह्यांच्या मधोमध, आवळायची नाही, सैल सोडायची नाही. आकडा कमी कमी होत गेला. ते सगळं खाण्यामुळं नव्हतं, जीबीएसमध्ये नसच सांगत नाही म्हटल्यावर स्नायू सुकतो, कितीही घाला. ट्रेकीनंतर आठवडे गेले, ताप नाही, बीपी स्थिर, गुंगीची औषधं कमी केलेली, बोटं हलवायला लागला, फिजिओवाले दिवसातून दोनदा यायला लागले, रोज थोडा थोडा वेळ मशीनवरून काढून स्वतःचा श्वास घ्यायला लावायचे, पोरगं घामाघूम व्हायचं. आणि बोर्डावर अजून तेच. ९६०. ४० एमएल.

हेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय. पहिल्या दिवसांत कमी देणं बरोबर होतं, ते मला पटवून दिलं गेलं. पण आजार पलटला की गरज पण पलटते नि ते बघायला कुणी येत नाही, कारण मूल आता सिरियस राहिलेलं नसतं. ड्युटी बदलते, डॉक्टर बदलतात, मॅडम रजेवर जातात, बोर्ड पुसून परत तोच आकडा लिहिला जातो. वाईट मनानं नाही कुणाच्या. पण बिलात प्रत्येक ग्लोव्हजची नोंद असते नि पोराचा आकडा शेवटचा कधी काढला ह्याची नसते, ह्याचा राग येतो.

मी वही घेऊन राउंडच्या वेळी उभी राहिले. सरांना म्हटलं, सर, हा आकडा हलत नव्हता तेव्हाचा आहे, आता हा हलतोय, स्वतः श्वास घेतोय, बदलायचा नाही का? सरांनी वही हातात घेऊन चाळली, दंडाचे आकडे बघितले, काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी मॅडमना बोलावणं गेलं. त्या म्हणाल्या, आता वाढीचं, फिजिओचं नि मागच्या उधारीचं पण धरायचं, बेसिकच्या दीडपट, म्हणजे साधारण १४४०, तासाला ६०. एकदम नाही, दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं, मध्ये फॉस्फरस नि पोटॅशियम तपासत, कार्बन डायऑक्साइडवर लक्ष ठेवून. प्रोटीन पण वाढवलं. पोटानं घेतलं. मशीन त्यामुळं सुटलं असं मी म्हणणार नाही, नस भरून यायची तेव्हाच येते, पण फिजिओच्या वेळी आधी दहा मिनिटांत मान टाकायचा, ते कमी झालं.

पुढं वॉर्डात आलो, ट्यूब तशीच. इथं डबे परवडेनात म्हणून मॅडमनी घरचं फीड शिकवलं. भाऊ टिळकवाडीत खोली घेऊन राहतो, तिथून मी करून आणायची. तांदूळ, मूगडाळ मऊ शिजवून, दूध, साखर, तेल, मिक्सरला फिरवून गाळून. गाळल्यावर चाळणीत जाड चोथा राहायचा नि मी तो टाकायची, मॅडमनी विचारलं, टाकलेलं वजन केलंत का? केलं. जवळजवळ तिसरा हिस्सा चाळणीत होता. पातळ व्हावं म्हणून पाणी घातलं की अजून वाट लागते, १०० एमएलमध्ये पन्नास कॅलरी पण राहत नाहीत, आणि पाणी नाही घातलं तर ट्यूब चोंदते, मग कोमट पाण्यानं सिरिंज मागं-पुढं करत बसा. नाचणीची आंबिल तर गार झाली की घट्ट होऊन बसते.

आणि इथं आत्याबाई कामाला आल्या. त्यांनी गावाहून पहिल्या दिवसापासून आणून ठेवलेलं, मोड आलेली नाचणी सावलीत वाळवून दळलेलं पीठ. आत आयसीयूत कुणी घेऊ दिलं नव्हतं ते, राग होता त्यांना. मोड आलेल्या धान्यात अमायलेज नावाचं एन्झाइम तयार होतं, ते पिठूळपणा तोडतं. घट्ट शिजवलेल्या पेजेत, उकळी खाली बसून गरम असतानाच, असं एक चमचा पीठ टाकून ढवळलं की बघता बघता पातळ होते, पाणी न घालता. परत एक उकळी देऊन गाळायचं. फार खरपूस भाजलेलं पीठ असलं तर होत नाही, भाजण्यात ते मरतं. मॅडमना दाखवलं, त्यांनी पळीनं उचलून धार बघितली नि मोबाईलवर व्हिडिओ काढला. आत्याबाई दिवसभर वॉर्डात सगळ्यांना सांगत होत्या, डॉक्टरीणबाईनी माझं पीठ पास केलं. वर चमचाभर तेल म्हणजे ४५ कॅलरी, ते शेवटी घालायचं. केलेलं फीड बाहेर जास्त वेळ ठेवायचं नाही, प्रत्येक वेळेनंतर २० एमएल पाणी सोडून ट्यूब धुवायची.

गिळायची टेस्ट पास झाल्यावर तोंडानं सुरू केलं, आधी घट्टसर, चमच्यानं. ट्यूब लगेच काढत नाहीत, दिवसभर तोंडानं नि रात्री ट्यूबनं असं बरेच दिवस चाललं, तोंडानं निम्म्याच्या वर जायला लागल्यावर रात्रीचं कमी केलं.

घरी आलो तेव्हा तर काय, येईल तो कुंदा घेऊन येतोय, गोकाकचा करदंट, कुणी घरचे पेढे. पोरगं वाळलंय म्हणून प्रत्येकजण भरवतोय. फॉलोअपला गेलो तर वजन छान वाढलेलं नि मॅडमच्या कपाळावर आठी. दंड मोजला, पोट बघितलं. अजून वॉकर धरून चालतोय, पळत नाही, मग १४४० च्या वर हे गोड कुठं जाणार, चरबीतच जाणार नि जड शरीर अशक्त पायांना उचलायला लावणार. गोड बंद, प्रोटीन ठेवा, रोज एक अंडं, डाळ, दूध, नि पायांचा व्यायाम. आकडा परत खाली. वहीत नवीन पान केलंय. ह्या वेळी उंची पण मोजून आणायला सांगितलीय, उभं राहता येत नसलं तर झोपवून मोजा म्हणाल्या, नि आत्याबाईंनी कुंद्याचा डबा वरच्या फळीवर ठेवलाय, तो मला माहीत नाही असं समजून.